‘शू झाली’ आणि ‘शू आली’ : शिशूच्या स्वच्छताशिक्षणातील भाषा

१

शिशूला मलमूत्रविसर्जनाचे वळण लावणे हा विषय सामान्यतः वैद्यक, बालमानसशास्त्र आणि गृहशास्त्र यांच्या कक्षेतील मानला जातो. भाषाशास्त्राचा त्याच्याशी काही संबंध असावा हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः हा संबंध अगदी निकटचा आहे. दोन वर्षांच्या मुलाने एक शब्द वेळेवर उच्चारला तर त्याचे कपडे कोरडे राहतात. तोच शब्द क्षणभर उशिरा उच्चारला तर ओले होतात. भाषेच्या उपयुक्ततेची इतकी रोकडी कसोटी अन्यत्र क्वचितच आढळेल.

प्रस्तुत लेखात मराठी घरांतून या कामी वापरल्या जाणाऱ्या थोड्या शब्दांचा व वाक्यरचनांचा विचार करावयाचा आहे. मुलाला वळण लागणे म्हणजे मुख्यतः एका खुणेची मालकी आईकडून मुलाकडे जाणे होय, आणि हे हस्तांतर निकोपपणे होते की अपमानाच्या मार्गाने होते हे पुष्कळ अंशी वडील माणसांच्या शब्दयोजनेवर अवलंबून असते, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

२

मुलांशी बोलताना वडील माणसे जी खास शब्दावली वापरतात तिला आपण शिशुभाषा म्हणू. या शिशुभाषेचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सहा भाषांतील शिशुभाषेची तुलना केली; त्या सहांत मराठी होती, ही आपल्या दृष्टीने अगत्याची गोष्ट आहे. त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी शिशुभाषेवरील स्वतंत्र निबंध ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नातलग, शरीराचे अवयव व व्यापार, खाणे, प्राणी, खेळ, चांगले-वाईट अशा मोजक्या क्षेत्रांतच ही शब्दावली फिरते, असे या तुलनेतून दिसून आले.

शिशुभाषेतील शब्द सामान्यतः मुलाच्या तोंडाला सोपे असतात. ‘मम्मं’, ‘पापा’, ‘बाबा’, ‘काका’, ‘भूभू’ हे शब्द घेतले तर त्यांत स्फोटक व अनुनासिक व्यंजनांचे प्राबल्य दिसते आणि अवयवांची द्विरुक्ती आढळते. रोमान याकोबसन यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे मूल स्फोटक आणि अनुनासिक व्यंजने आधी आत्मसात करते. घर्षक व्यंजने मागाहून येतात.

आता ‘शू’ आणि ‘शी’ हे दोन शब्द या कसोटीला लावून पाहावेत. दोन्ही एकाक्षरी आहेत. द्विरुक्ती त्यांना आवश्यक नाही. दोहोंच्या आरंभी ‘श’ हे घर्षक व्यंजन आहे. हे व्यंजन अनेक मुलांना बराच काळ नीट उच्चारता येत नाही. ती त्याच्या जागी ‘स’, ‘च’ किंवा ‘त’ घालतात. शिवाय दोन शब्दांतील भेद केवळ स्वराचा आहे. मूत्र की मळ, हा व्यवहारात अत्यंत महत्त्वाचा फरक मुलाने एका ‘ऊ’ आणि ‘ई’ च्या आधारे दाखवावयाचा असतो. मुलाच्या सोयीसाठी शब्द घडविले जातात असे मानले, तर इतकी गैरसोयीची जोडी मराठी घरांत इतकी रूढ का झाली, हा प्रश्न उभा राहतो.

३

या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या उपयोगात शोधावे लागते. ‘मम्मं’ हा शब्द मुलाच्या तोंडासाठी आहे. ‘शू’ हा शब्द आरंभी मुलाच्या कानासाठी आहे.

आपल्याकडील जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आई किंवा आजी पाय पसरून बसते, दोन पावलांमध्ये मुलासाठी जागा करते, त्याला पायांवर बसविते आणि तोंडाने ‘शूऽऽऽ’ असा लांबट ध्वनी काढते. दूध पाजून झाल्यावर, झोपेतून उठल्यावर, आंघोळीच्या आधी, अशा ठरावीक वेळा साधून हे केले जाते. या वेळा अनुभवाने ठरलेल्या असल्या तरी त्यांमागे शरीरशास्त्र आहे. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून दूध पिऊन झाल्यावर मुलाला शी होण्याचा संभव अधिक असतो. नवजात अर्भक दिवसातून वीसच्या आसपास वेळा लघवी करते, तेव्हा झोपेनंतर थोडा वेळ वाट पाहिली तर आईचा अंदाज सहसा चुकत नाही.

या विधीत ‘शू’ हे नाम नव्हे. ती खूण आहे. मुलाने ती उच्चारावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते. ती लांबविता आली पाहिजे, पाण्याच्या धारेसारखी अखंड ऐकू आली पाहिजे, आणि मूल बिचकणार नाही इतकी मृदू असली पाहिजे. ‘प’ किंवा ‘ब’ हे ध्वनी लांबविता येत नाहीत. ‘श’ लांबविता येतो. म्हणजे शिशुभाषेच्या सामान्य नियमाला जो अपवाद वाटतो तो कार्याच्या दृष्टीने पूर्णपणे सयुक्तिक आहे.

या अनुमानाला दूरच्या प्रदेशातून पुष्टी मिळते. केनियाच्या किनारपट्टीवरील दिगो लोकांतील बालसंगोपनाचे वर्णन द व्रीस दांपत्याने १९७७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात केले. तेथील माता अर्भकाला पहिल्या काही आठवड्यांपासून आपल्या पायांमध्ये धरून बसतात आणि ‘शूऽस्’ असा ध्वनी काढतात; पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत मूल बव्हंशी कोरडे राहू लागते. चीनमध्येही मुलाला धरून ‘शू-शू’ सारखा ध्वनी काढण्याची रीत आहे, आणि हिंदीतील ‘सू-सू’ आपल्याला शेजारची आहे. या शब्दांत कोणतेही वांशिक नाते शोधण्याचे कारण नाही. सारखे काम करावयाचे असल्यामुळे सारखा ध्वनी निवडला गेला, एवढेच म्हणता येते.

४

आईने खूण करावी आणि मुलाने प्रतिसाद द्यावा, हा झाला पहिला टप्पा. यात मूल कोरडे राहते ते आईच्या दक्षतेमुळे. मुलाच्या स्वतःच्या नियंत्रणाचा प्रश्न पुढे येतो. मूत्राशय भरले आहे हे जाणवणे, ती जाणीव ओळखणे, स्नायू आवळून क्षणभर धीर धरणे आणि योग्य जागी गेल्यावर तो सोडणे, ही साखळी मज्जासंस्थेच्या परिपक्वतेवाचून जुळत नाही. बहुतेक मुलांत ही परिपक्वता दीड ते तीन वर्षे या कालावधीत येते. अमेरिकेत बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदींच्या आधारे असे दाखविले की, सक्ती न करता मुलाच्या कलाने घेतल्यास दिवसाचे नियंत्रण सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास येते. रात्रीचे नियंत्रण त्याहून उशिरा येते. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे ही वैद्यकाच्या दृष्टीने व्याधी नव्हे.

दिगो मातांचा अनुभव आणि ब्रेझेल्टन यांचे आकडे परस्परविरोधी आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु दोघांनी मोजलेली गोष्ट एक नाही. पहिल्या ठिकाणी माय-लेकरांच्या जोडीचे यश मोजले आहे, दुसऱ्या ठिकाणी एकट्या मुलाचे. खूण आईच्या तोंडी आहे की मुलाच्या, हा त्यांतील भेद आहे.

खुणेचे हस्तांतर होताना ‘शू’ या शब्दाचा मुलाकडून होणारा वापर तीन पायऱ्यांनी पुढे सरकतो. पहिल्या पायरीवर मूल ओल्या जागेकडे बोट दाखवून ‘शू’ म्हणते. घटना घडून गेलेली असते. शब्द हा तिचा वृत्तांत असतो. दुसऱ्या पायरीवर ते खेळता खेळता थांबते आणि धार सुरू असतानाच ‘शू’ म्हणते. तिसऱ्या पायरीवर ते धार सुरू होण्यापूर्वी ‘शू’ म्हणते. शब्द तोच असतो. तो वृत्तांताकडून वर्तमानाकडे आणि तेथून पूर्वसूचनेकडे येतो. पहिल्या पायरीवरच्या मुलाला ‘आता सांगून काय उपयोग?’ असे दटावले जाते, ही मोठी खेदाची गोष्ट आहे. त्या क्षणी मुलाने संवेदना, घटना आणि शब्द यांची सांगड प्रथमच घातलेली असते. तिसरी पायरी हवी असेल तर पहिलीचे स्वागत केले पाहिजे.

मराठीच्या व्याकरणाने या तीन पायऱ्यांसाठी मार्मिक रचना पुरविल्या आहेत. ‘शू झाली’ हा वृत्तांत, ‘शू होते आहे’ हे वर्तमान, आणि ‘शू आली’ ही पूर्वसूचना. यातील शेवटची रचना विशेष लक्षणीय आहे. क्रियापद भूतकाळी आहे आणि अर्थ मात्र पुढे घडावयाच्या गोष्टीचा आहे. ‘भूक लागली’, ‘झोप आली’, ‘शिंक आली’ यांच्या जातीचे हे वाक्य होय. यात अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत असते, ‘मला’, ‘बाळाला’, आणि कर्त्याच्या जागी संवेदना असते. ‘आली’ ती संवेदना. कृती अजून व्हावयाची आहे. मूल ‘मला शू आली’ म्हणावयास शिकते तेव्हा ते केवळ एक वाक्य शिकत नाही. आपल्या शरीरातील एक खूण कृतीपासून वेगळी काढून तिला नाव देण्यास शिकते. ‘झाली’ आणि ‘आली’ या दोन क्रियापदांत उच्चाराचा फरक एका ‘झ’ चा आहे. व्यवहारात मुलाचे सारे शिक्षण त्या एका व्यंजनाच्या अंतरात सामावलेले आहे.

शोषक डायपरचा प्रश्नही येथेच संबद्ध ठरतो. पॅम्पर्स हे टाकाऊ डायपर अमेरिकेत १९६१ साली बाजारात आले. आज आपल्या शहरांतून, आणि हळूहळू खेड्यांतूनही, अशी डायपरे सर्वत्र मिळतात. दोघेही पालक नोकरीस जाणारी घरे, प्रवास, पाळणाघरे यांचा विचार करता त्यांची सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण लंगोट ओला झाला की मुलाला तत्काळ गार लागे, दुपटे भिजे, आई उठे, आणि त्या सर्वांबरोबर ‘शू झाली’ हे वाक्य कानी पडे. शोषक डायपरात ओलेपणा लपतो; त्यामुळे वाक्य उच्चारण्याचा प्रसंगही टळतो. दिवसाकाठी काही वेळ मुलाला साध्या सुती चड्डीत ठेवावे या सल्ल्यामागे भाषाशिक्षणाचेही कारण आहे, ते असे.

५

आता क्रियापदांच्या दुसऱ्या एका जोडीकडे वळू. चड्डी ओली झाली असता आई दोन प्रकारे बोलू शकते. ‘चड्डीत शू झाली’ हा एक प्रकार. ‘चड्डीत शू केलीस?’ हा दुसरा. पहिल्या वाक्यात कोणीही कर्ता नाही. एक घटना सांगितली आहे. दुसऱ्यात ‘केलीस’ मधील ‘स’ मुलाकडे बोट दाखवितो. ‘करणे’ या क्रियापदात हेतू गृहीत असतो. ज्या मुलाच्या स्नायूंवर अजून त्याची सत्ताच नाही त्याला ‘केलीस’ म्हणणे हे कठोर तर आहेच, शिवाय वस्तुस्थितीला सोडूनही आहे.

‘करणे’ हे क्रियापद सर्वस्वी टाळावे असा याचा अर्थ नाही. मोरीत किंवा भांड्यावर मूल वेळेवर बसले तर ‘बाळाने शू केली’ असे अवश्य म्हणावे. तेथे कर्तृत्व खरे आहे, आणि मुलालाही ते हवे असते. अपघातासाठी ‘होणे’, यशासाठी ‘करणे’, एवढा विवेक पुरेसा आहे. अनेक आज्या तो कोणी न शिकविता पाळतात.

‘शी’ या शब्दाची अडचण याहून गहन आहे. ‘शू’ ध्वनीवरून आला. ‘शी’ हा शब्द किळसेच्या उद्गाराशी एकरूप आहे. ‘शी!’ म्हणताना ओठ फाकतात, नाक आक्रसते. मूल चेहरा आधी वाचते आणि शब्द मागाहून. म्हणजे शरीरधर्माचे नाव आणि त्याचा निषेध ही दोन्ही एकाच अक्षरात मुलाला मिळतात. पुढे तोच उद्गार चिखलाला, उष्ट्याला, फाटक्या कपड्याला आणि कधी कधी माणसालाही लावला जातो. विष्ठेविषयीची किळस ती उचलावयास लावलेल्या माणसांकडे कशी वळविली गेली, याचा इतिहास आपल्या समाजाला नवा नाही. त्या प्रथेला बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली करावे लागले. घाण कोणती आणि घाणेरडा कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, याचा पहिला धडा मोरीतच दिला जातो किंवा चुकविला जातो.

प्रौढांच्या भाषेने अगदी उलट मार्ग पत्करला आहे. ‘शौच’ हा शब्द ‘शुचि’ पासून आला. त्याचा मूळ अर्थ शुद्धता; योगसूत्रांत शौच हा नियमांपैकी पहिला आहे. मराठीत मात्र ‘शौचास जाणे’ याचा अर्थ मलविसर्जन असा झाला. जे शेवटी करावयाचे त्याचे नाव आधीच्या क्रियेला मिळाले. ‘परसाकडे जाणे’ यात स्थळाने, ‘लघुशंका’ यात सूचकतेने कृती झाकली आहे. प्रौढ मनुष्य झाकून बोलतो. मुलाला मात्र उघड आणि किळसवाणे नाव मिळते.

या संदर्भात गौतमधर्मसूत्राचे एक स्थळ स्मरणीय आहे. उपनयनापूर्वी बालकाचे वागणे, बोलणे व खाणे अनिर्बंध असते, असे सांगून सूत्रकार पुढे म्हणतात की, ते मलमूत्रविसर्जनही जमेल तसे करू शकते. आचमनादी विधी त्याला लागू नाहीत. केवळ पुसणे, धुणे व पाणी शिंपडणे एवढेच पुरे. सोवळ्याच्या काटेकोर चौकटीतही बालकासाठी स्वच्छता ठेवली आहे आणि दोष काढून घेतला आहे. हा भेद आजही उपयोगी आहे. मात्र त्यास एक पुरवणी जोडावयास हवी. लहान मुलाची विष्ठा निरुपद्रवी असते, ही आपल्याकडील प्रचलित समजूत चुकीची आहे. अतिसाराचे जंतू तीतूनही पसरतात. म्हणून ती उघड्यावर न टाकणे, मुलाला धुतल्यावर आपले हात साबणाने धुणे आणि मुलाचेही धुवविणे, ही कर्मे टाळता येत नाहीत. त्यांची भाषा मात्र कर्माचीच असावी : ‘झाली? चल, धुऊ. आता हात.’ यात किळसेला जागा नाही, आणि मुलाला क्रम पाठ होतो.

६

घरातील शब्द घरात पुरतो. मूल बालवाडीत जाते तेव्हा त्याची परीक्षा होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात शाळाच मुलांच्या अंगणात नेण्याची कल्पना होती. मुलांची आंघोळ, नखे, केस हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. शाळा मुलाच्या अंगणात गेली, पण मुलाचा शब्द शाळेत गेला की नाही, हे पाहावयाचे राहिले.

एखाद्या घरात ‘शू’ म्हणतात, दुसऱ्यात ‘सू’. कोठे ‘इराकतीला’, ‘झाड्याला’, ‘परसाकडं’. आणि पुष्कळ घरांत ‘मुतायला’, ‘हगायला’ ही साधी सरळ क्रियापदे चालतात. या शेवटच्या क्रियापदांत अशिष्ट असे मुळात काही नाही. ‘मूत्र’ आणि ‘मूत’ यांतील अंतर प्रतिष्ठेचे आहे, अर्थाचे नाही. पण शहरी वळणाच्या शिक्षिकेसमोर तीन वर्षांच्या मुलाने ते उच्चारले आणि वर्गात हशा पिकला किंवा ती रागावली, तर ते मूल दुसऱ्यांदा तो शब्द उच्चारत नाही. दुसरा शब्द त्याच्यापाशी नसतो. ते गप्प राहते आणि चड्डी ओली करते. मग त्याला ‘अजून वळण लागलेले नाही’ असा शेरा मिळतो. वास्तविक वळण लागलेले असते. शब्द नाकारलेला असतो. इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गांत हेच निराळ्या रूपाने घडते. घरी ‘शी लागली’ म्हणणाऱ्या मुलाला ‘टॉयलेट’, ‘पॉटी’, ‘नंबर टू’ यांपैकी कोणता शब्द चालेल हे पहिल्या दिवशी ठाऊक नसते. परभाषेत विनंती रचण्यास लागणारा अवधी मूत्राशय देत नाही. आदिवासी पाड्यांवरील, तसेच स्थलांतर करणाऱ्या ऊसतोडणी मजुरांच्या मुलांच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. प्रवेशाच्या वेळी मुलाचे नाव, जन्मतारीख, लसी यांची नोंद होते. तीत एका ओळीची भर घालावी : या मुलाच्या घरी शू आणि शी यांना काय म्हणतात? शिक्षिकेने व मदतनीस बाईंनी तो शब्द पहिले काही आठवडे ओळखावा, स्वतः उच्चारावा आणि शाळेचा शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. मूल लवकरच दोन्ही वापरू लागेल. ज्यांना अजून बोलता येत नाही किंवा ऐकू येत नाही अशा मुलांसाठी करंगळी दाखविण्याची आपल्याकडील जुनी खूण आहेच. तिला कोणत्याही बोलीचा अडसर नाही.

७

आपल्या विभागाच्या दृष्टीने येथे क्षेत्रकार्यास मोठा वाव आहे. बोलींच्या सर्वेक्षणात शेतीची अवजारे, नातेसंबंध, सण यांची शब्दावली आपण हौसेने गोळा करतो; मोरीतील शब्द मात्र संकोचाने वगळतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपापल्या तालुक्यातील वीस-पंचवीस घरांतून चार गोष्टी टिपून आणल्या तरी बरेच हाती लागेल : मूत्र व मळ यांचे मुलाशी बोलतानाचे शब्द; मुलाला बसविताना आई काढते तो ध्वनी; अपघात झाल्यावर वापरले जाणारे वाक्य, त्यातील क्रियापदासह; आणि मूल शाळेत जाऊ लागल्यावर यांपैकी काय बदलले. ‘होणे’ आणि ‘करणे’ यांची वाटणी मुलाच्या वयानुसार, मुलगा-मुलगी या भेदानुसार, बोलणारी व्यक्ती आई आहे की आजी यानुसार बदलते काय, हा स्वतंत्र प्रबंधिकेचा विषय होऊ शकेल.

नोंद करताना एक पथ्य पाळावे. माहिती देणाऱ्या बाईला हे शब्द आपल्यासमोर उच्चारण्याचा संकोच वाटेल. तो आपल्या चेहऱ्यामुळे वाढू नये. तिचा शब्द जसाच्या तसा, तिच्याच उच्चारात लिहून घ्यावा आणि त्याच्यापुढे ‘ग्राम्य’ असा शेरा मारू नये.